व्हेस्परची पितळी डबी

"दुसऱ्याची वस्तू आहे, आसावरी. जशी आहे तशी परत दे."

कमलाकरांचं हे शेवटचं धड वाक्य. त्यानंतरही ते दोन दिवस होते, पण ते सगळे मास्कच्या आतले; बोलणं नव्हतं, नुसती वाफ. आसावरीताईंनी त्यांचा हात हातात घेऊन "देते" म्हटलं होतं. देते म्हणजे देते. उभ्या जन्मात त्यांनी संकष्टी मोडली नव्हती की संध्याकाळचा दिवा चुकवला नव्हता. इकडे जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो, म्हणून त्यांनी दिवेलागण घड्याळाला बांधून घेतली होती, बरोबर सातला. आणि हा एक शब्द मात्र तीन वर्षं देवघरात अन्नपूर्णेच्या मागे फडक्यात गुंडाळून पडला होता.

वस्तू म्हणजे तळहातावर मावेल एवढी गोल पितळी डबी. झाकण कधीच गेलेलं. सीहर्स्टच्या किनाऱ्यापासून मैलभर आत खडकांची एक रांग आहे, ओहोटीला तिचे दात दिसतात. तिथे व्हेस्पर नावाचं जहाज सव्वातीनशे वर्षांपूर्वी फुटलं. कमलाकर रिसबूड गावातल्या बोटयार्डात ड्राफ्ट्समन होते आणि शनिवार-रविवार डायव्हिंग क्लबात. बायको म्हणायची, आठवडाभर बोटी कागदावर काढायच्या आणि सुट्टीत बुडालेल्या बघायला जायचं, हा काय छंद. त्र्याऐंशी सालच्या एका रविवारी ते ही डबी मोज्यात घालून घरी घेऊन आले. तेव्हा ती डबी आहे हे सांगावं लागलं असतं. काळ्या-हिरव्या खडबडीत थराखाली नुसता एक गोळा दिसत होता.

समुद्रातून काही वर काढलं तर सरकारी कचेरीला कळवायचं, हा इथला कायदा. कळवणार होते. पण तेव्हा त्यांचे इथे कायम राहण्याचे कागद अडकलेले, परीक्षित तीन वर्षांचा. आपलं नाव कुठल्याही सरकारी फॉर्मवर आत्ता नको, असं त्यांनी ठरवलं. पुढच्या महिन्यात बघू. पुढच्या महिन्याचं पुढचं वर्ष झालं, आणि मग इतकी वर्षं झाली की कळवायचं म्हणजे आधी उशिराचं कारण सांगायला हवं. डबी गॅरेजमध्ये बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात राहिली. त्या घरात कमलाकरांनी आयुष्यात एकच नियम केला: त्या डब्याला हात लावायचा नाही. आसावरीताईंनी अडतीस वर्षं लावला नाही.

लावला तो ते गेल्यावर, चौदाव्या दिवशी.

सुतक फिटलं होतं. घर धुऊन काढलं, देव उजळले, ताम्हण, पळी, समई सगळं चिंचेच्या पाण्यात टाकलं. हात रिकामा राहिला की रडू यायचं, म्हणून हात रिकामा ठेवायचा नाही, असं चाललेलं. तेवढ्यात नवऱ्याला दिलेला शब्द आठवला आणि त्या गॅरेजमध्ये गेल्या. डबा उघडला, गोळा हातात घेतला, आणि त्यांच्या मनात आईचं सांगणं उभं राहिलं: शेजारणीचं भांडं परत करताना लख्ख घासून करावं, आणि रिकामं कधी करू नये, चिमूटभर साखर तरी घालून द्यावी. दुसऱ्याची वस्तू, यांच्याकडून राहून गेलेली, ती अशी काळीकुट्ट परत द्यायची? लोक काय म्हणतील, रिसबुडांच्या घरात चिंच नव्हती?

"जशी आहे तशी" हे तीन शब्द त्या दिवशी कुठे गेले होते, ते त्यांना आजही कळत नाही.

रात्रभर भिजत घातली. सकाळी थर सुटला. पोपडे निघाले, खाली गुळगुळीत काळं लागलं, तळाशी त्या काळ्यावर बारीक ओरखडे. अक्षरं होती. एक डब्ल्यू नीट ओळखू आला, आणि त्याच्या खाली एकाखाली एक, वाकड्यातिकड्या ओळी. आसावरीताईंना वाटलं, भांड्यावर नाव घातलंय कुणीतरी. त्यांच्या स्वतःच्या स्वयंपाकघरात आईचं नाव घातलेली सात भांडी होती. तारीखसुद्धा होती त्यांवर. हे कळूनही हात थांबला नाही. त्यांना वाटलं नाव पितळेवर आहे, काळं गेलं की आणखी उठून दिसेल. त्यांनी पीतांबरी घेतली, जुना टूथब्रश घेतला, आणि गोल गोल घासत राहिल्या. तास दीड तासानं डबी सोन्यासारखी झाली. आत पाहिलं तर त्यांचाच चेहरा दिसला. नाव पितळेवर नव्हतंच. ते त्या काळ्या थरावरच होतं, आणि थर मोरीतून वाहून गेला होता.

तरी तेव्हा त्यांना आपण काय केलं ते कळलं नव्हतं. ते कळलं आठवड्यानं. डबीत साखर घालून, वर कागद बांधून त्या लाइफबोट स्टेशनशेजारच्या दोन खोल्यांच्या म्युझियममध्ये गेल्या. दारातच एक पाटी होती, मुलांसाठी, चित्रांसकट: किनाऱ्यावर काही सापडलं तर घासू नका, धुऊ नका, जो मळ तुम्हाला दिसतो त्यातच त्या वस्तूची गोष्ट असते. आसावरीताईंनी ती पाटी दोनदा वाचली. काउंटरवरच्या बाईंनी काही मदत हवी का असं विचारलं. "नो, थँक यू, लव्हली प्लेस," असं म्हणून त्या परत आल्या. साखर मुंग्यांना घातली. डबी अन्नपूर्णेच्या मागे ठेवली, आणि त्या दिवसापासून गोड सोडलं. डबी परत जाईपर्यंत गोड खायचं नाही, असा मनाशी नेम केला. लोकांना वाटलं नवऱ्यासाठी सोडलं असेल. डॉक्टरांना आनंद झाला. खरं कुणाला सांगितलं नाही.

द्यायला जावं तर दोन गोष्टी उघड्या पडणार होत्या. एक, त्यांनी घासली. ते सोसलं असतं. दुसरी, कमलाकरांनी लपवली. समुद्राकडच्या रस्त्यावर क्लबानं त्यांच्या नावाचा बाक बसवला होता. 'कॅम रिसबूड, ज्यानं काही न मोडता समुद्र पाहिला.' त्या बाकावर रोज कोणी ना कोणी कुत्रं घेऊन बसलेलं असायचं. ती ओळ खोटी पाडायची तर स्वतःच्या हातानं पाडायची होती.

*

मार्च संपताना परीक्षित आणि तनिषा रविवारी जेवायला आले. परीक्षित वॉटफर्डला असतो, बँकेच्या कामात. त्याची लेक तनिषा, म्हणजे तनू, साउथॅम्प्टनला पुराणवस्तूंचं शिकते. आजोबांचं पाण्याचं वेड हिच्यात उतरलं असं सगळे म्हणतात. पोरगी आली ती बूट न काढताच बोलत आली. आसावरीताईंनी नुसतं बुटांकडे पाहिलं, तेव्हा काढले.

तिच्या कॉलेजनं व्हेस्परचं काम घेतलं होतं. उन्हाळ्यात नीट मोजमाप करणार होते, आणि गावातल्या म्युझियममध्ये एक कपाट जहाजासाठी मिळणार होतं. वरणभात कालवता कालवता तिनं जहाजाची सगळी कथा सांगितली. मराठीत सुरू करायची, अडली की इंग्रजीत जायची, आजीकडे बघून परत यायची.

"आजी, तो शिप ना, जळायसाठीच होता," ती म्हणाली. "म्हणजे तेच त्याचा जॉब."

आणि मग ती सांगत गेली. आधी ते साधं मालवाहू जहाज होतं, मीठ आणि लोकर वाहणारं. आरमारानं विकत घेतलं आणि अग्निनौका केली. आत डांबरात बुडवलेले वेत, राळ, चरबी, वाळक्या फांद्यांचे भारे ठासले. लाकडी पन्हळी जहाजभर फिरवल्या, त्यांत बंदुकीच्या दारूची वाट. बाजूच्या खिडक्यांची दारं मुद्दाम खालून बिजागरीवर बसवली, कारण एरवीसारखी वरून असती तर दोर जळताच ती मिटली असती आणि वारा कोंडला असता. मागच्या बाजूला एक वेगळं दार. शत्रूच्या जहाजाला भिडायचं, आकडे अडकवायचे, दारूला बत्ती द्यायची आणि त्या दारातून खाली बांधलेल्या होडीत उडी मारायची. एवढ्या सामानात खाली उघडा दिवा नाही, चिलीम नाही. थंडीतसुद्धा नाही. विस्तवाचं साहित्य फक्त एका माणसाच्या ताब्यात.

"एकदाच वापरायचा. वन अवर. मग राख." तनूनं ताटातला घास तसाच धरला होता. "आणि तो एक तास आलाच नाही. दोन वर्षं नुसता थांबला. आज, उद्या. मग नोव्हेंबरमध्ये वादळ आला आणि इथे या खडकावर गेला. आम्हाला वाटतं, ते मागचा दार आधी तुटला. वाचायचा दार, आजी. त्याच्यातूनच पाणी आत."

आसावरीताईंनी ताक वाढायला घेतलं होतं, ते भांडं खाली ठेवलं. जळायला सिद्ध केलेलं जहाज, आणि त्याला अग्नी मिळाला नाही. ते सगळे वेत, ती राळ, पाण्यानं फुगून बसली असेल. त्यांनी विचारलं, माणसं किती होती.

एकेचाळीस, आणि तिघं वाचले, असं तनू म्हणाली. कप्तानाचं नाव चौकशीच्या कागदात आहे. बाकी कुणाचंच नाही. त्या जहाजाचं पगारपत्रक कुठेच सापडत नाही. लंडनला सगळी दप्तरं शोधून झाली. "अडतीस माणसं बुडाली आणि सदतीसचं नाव नाही. कपाटावर काय लिहायचं? मला तेवढाच पाहिजे होता. एक नाव."

मग तिनं आजोबांची डायव्हिंगची वही मागितली. कुठल्या खडकाजवळ काय दिसलं याची त्यात टिपणं असणार. परीक्षित म्हणाला, बाबांचं अक्षर वाचायला तुला वेगळी डिग्री लागेल. आसावरीताईंनी वही काढून दिली. त्यांनी ती कधी उघडली नव्हती; त्यात सगळे भरती-ओहोटीचे आकडे असतात असंच त्यांना माहीत.

वहीतून घडी घातलेला कागद पडला. तनूनं उचलला आणि मोठ्यानं वाचत गेली, आणि वाचता वाचता तिचा आवाज बारीक झाला. दोन हजार एक सालचा सरकारी फॉर्म होता. त्या वर्षी सरकारनं तीन महिन्यांची माफी जाहीर केली होती, समुद्रातून काढलेलं ज्यांनी कळवलं नव्हतं त्यांनी आता कळवावं, काही विचारणार नाही. कमलाकरांनी फॉर्म पूर्ण भरला होता. सही होती, तारीख होती. टाकला मात्र नव्हता. जहाजाचं नाव, व्हेस्पर. वस्तू, पितळी डबी, बहुधा चकमकीची. आणि वस्तूची अवस्था या रकान्यात सुबक ड्राफ्ट्समनच्या अक्षरात: मिळाली तशी. साफ केलेली नाही. कडेला पोपडा सुटला आहे, आत थरावर अक्षरं असावीत, तज्ज्ञांनीच पाहावीत.

"आजी," तनू म्हणाली, "कुठे आहे ती?"

तिच्या तोंडावर असा उजेड होता की आसावरीताईंना त्याकडे बघवेना. अशी वेळ येऊ नये म्हणून त्यांनी तीन वर्षं देवाला काय काय सांगितलं होतं. आता त्या उठल्या, हात धुतले, अन्नपूर्णा बाजूला केली आणि फडकं आणून पोरीच्या हातात ठेवलं. बसल्या मात्र नाहीत. उभ्याच राहिल्या, शाळेत उभं राहावं तशा.

तनूनं फडकं उलगडलं. डबी ट्यूबलाइटखाली झळझळली. तिनं आत पाहिलं, बाहेर पाहिलं, परत आत पाहिलं.

"तू घासलंस?"

"हो, बाळा. चिंचेनं."

तनूनं डबी अलगद टेबलावर ठेवली, जशी अजून तिच्यात काही सांडण्यासारखं असावं, आणि मागच्या दारानं बागेत गेली. खिडकीतून तिची पाठ दिसत होती. कपड्यांच्या दोरीपाशी ती बराच वेळ उभी राहिली.

परीक्षितला तेव्हा कुठे सगळा उलगडा झाला. त्यानं फॉर्म वाचला, ठेवला, पुन्हा वाचला. चाळीस वर्षं आपल्या गॅरेजमध्ये, असं दोनदा म्हणाला. मग हलक्या आवाजात आईची समजूत घालायला लागला. आता हे दाखवून कुणाचं भलं होणार. अक्षरं तर गेलीच. क्लबातले म्हातारे लोक बाबांची आठवण काढतात, वर्षातून एकदा त्या बाकावर फुलं ठेवतात. उद्या सगळे म्हणतील, कॅम चोर निघाला. "आई, समुद्रात सोडून दे. तिथूनच आली ना? भंगलेली मूर्ती आपण विसर्जन करतोच की. तुझ्याच शास्त्रात बसतंय."

टोमणा होता, पण त्यात माया होती, हे आसावरीताईंना कळत होतं. आणि खरं सांगायचं तर हा विचार त्यांच्याही मनात येऊन गेला होता. मागच्या गणपतीच्या विसर्जनाला, कंबरेएवढ्या थंडगार पाण्यात कमिटीची माणसं मूर्ती घेऊन उभी असताना, डबी आसावरीताईंच्या पर्समध्ये होती. हात आत गेलाही होता. पण विसर्जन आपल्या देवाचं करायचं असतं. दुसऱ्याचं भांडं बुडवणं याला वेगळा शब्द आहे.

"चोर नव्हते ते," त्या म्हणाल्या. "त्यांना उशीर झाला. मग मलाही झाला. आता तुला होऊ देऊ नकोस, परीक्षित."

 थोड्या वेळानं उठून त्यानं भांडी घासायला घेतली, जी त्यानं या घरात कधी घासली नव्हती.

तनू आत आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. तिनं खुर्ची ओढली, आजीला बसवलं, स्वतः शेजारी बसली आणि वही उघडली. रागावली नव्हती असं नाही. पण आवाज तिनं सांभाळला होता.

"काय दिसला होता तुला? सगळं सांग. नाही आठवलं तर नाही सांग. बनवायचं नाही."

आसावरीताईंनी डोळे मिटले. रोज जप करताना मिटतात तसे. मोरीतलं ते सकाळचं पाणी, चिंचेचा वास, बोटांखालचं काळं. डब्ल्यू. त्याच्यापुढे काहीतरी, नक्की नाही. खाली ओळी. किती? चार. नाही, चार की पाच ते ठाऊक नाही. प्रत्येक ओळ वेगळ्या हाताची, एक खूप खोल कोरलेली, एक भित्र्या माणसाची असावी तशी. तनू लिहीत गेली. एकदा म्हणाली, तिरका उजेड टाकून बघतात, कधी कधी पितळेवर थोडंसं उरतं. मग लगेच म्हणाली, बहुतेक नाहीच. खोटी आशा दाखवायला ती शिकली नव्हती, हे बरंच होतं.

वेगळ्या हातांच्या ओळी, म्हणजे चकमकीची ही डबी ज्याच्या ताब्यात असे त्यानंच एकट्यानं कोरलेलं नव्हतं. डबी हातोहात फिरली असणार. त्या थंडीत, दिव्याशिवाय, चारपाच माणसांनी आपापली नावं एका जागी घातली. भांडी एका संसारातली आहेत हे कळावं म्हणून घालतात तशी. 

*

बापलेक संध्याकाळच्या गाडीनं गेले. जाताना तनूनं विचारलं, मी नेऊन देऊ का. आसावरीताई नको म्हणाल्या. शब्द त्यांनी दिला होता.

सोमवारी म्युझियम दहाला उघडतं. त्या नेहमीसारख्या पहाटे उठल्या, आंघोळ, पूजा, स्तोत्र, काही कमी केलं नाही, काही वाढवलं नाही. बिनसाखरेचा चहा घेतला. मग कमलाकरांचा फॉर्म टेबलावर पसरला. 'मिळाली तशी. साफ केलेली नाही.' ते खरं होतं. ती ओळ त्यांनी खोडली नाही. तिच्याखाली रिकाम्या जागेत, आपल्या जाड अक्षरात इंग्रजीत लिहिलं: माझ्या नवऱ्यानं ही अडतीस वर्षं जपली आणि लपवली. तो गेल्यावर मी ती घासली. आत नावं होती, ती माझ्या हातानं गेली. खाली सही केली, आसावरी कमलाकर रिसबूड, आणि पोस्टकोडासकट पत्ता.

डबी उचलली तेव्हा सवयीनं हात साखरेच्या डब्याकडे गेला. झाकण उघडलंही. मग त्यांना तनूची अलगद ठेवणारी बोटं आठवली, आणि त्यांनी झाकण परत लावलं. जन्मात पहिल्यांदा त्या कुणाचं भांडं रिकामं परत नेत होत्या. पुसलंही नाही. तनूच्या बोटांचे ठसे त्यावर उमटलेले होते, ते तसेच राहू दिले. मऊ कागदात गुंडाळून, बिस्किटांच्या त्याच जुन्या पत्र्याच्या डब्यात ठेवली. काउंटरवरच्या बाईंसाठी नारळाच्या वड्या मात्र वेगळ्या पिशवीत घेतल्या; त्यांचा काय दोष.

बाहेर बारीक पाऊस होता, तो इथे असतोच. समुद्राकडच्या रस्त्यावर कमलाकरांचा बाक रिकामा होता, ओला. आसावरीताई त्याच्यापाशी थांबल्या. पितळी पाटीवर मिठाचा हिरवट डाग धरला होता. पदराच्या टोकानं तो पुसायला त्यांचा हात पुढे झाला, आणि मधेच थांबला. त्यांनी पदर आवरला, कोट वर ओढून घेतला, डबा छातीशी धरला आणि लाइफबोट स्टेशनच्या दिशेनं, न घाई करता, चालू लागल्या.